केबल जोडली, लाइट लागला, तरी प्रिंट येत नाही? कॉम्प्युटर आणि झेरॉक्स मशीनमधला घोळ नेमका कुठे असतो?

जून महिना लागला की तालुक्याच्या गावातली झेरॉक्सची दुकानं सकाळपासून भरलेली असतात. गडचिरोली जिल्ह्यातलं कुरखेडाही त्याला अपवाद नाही. अकरावीचे, आयटीआयचे आणि नर्सिंगचे प्रवेश, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा जुना उतारा. हे सगळं आधी स्कॅन करून अपलोड करायचं आणि मग त्याच्या प्रती काढून फाइलला लावायच्या. धान खरेदीच्या नोंदणीच्या वेळी सातबारा, नमुना ८अ आणि पासबुकाच्या प्रतींसाठी अशीच गर्दी होते. वनहक्काचा दावा असेल तर ग्रामसभेच्या ठरावापासून नकाशापर्यंतची जाड फाइल उपविभागीय समितीकडे द्यायची असते.

अशा दिवशी कॉम्प्युटरवर ‘प्रिंटर ऑफलाइन’ दिसलं, तर अडकतो तो फक्त दुकानदार नाही. आतल्या गावातून सकाळच्या एसटीने आलेल्या माणसाची दुपारची परतीची गाडी चुकते. कधी अर्जाची शेवटची तारीख हुकते. मोठ्या मशीनचा मेकॅनिक गावातच असेल असं नाही. तो वडसा, गडचिरोली किंवा नागपूरहून यायचा म्हटलं तर एक-दोन दिवस जातात.

पण या तक्रारीत बऱ्याचदा मशीन बिघडलेलीच नसते. कॉम्प्युटर आणि मशीन एकमेकांना ओळखत नसतात, एवढंच. ही ओळख कुठे तुटली हे शोधायला हत्यार लागत नाही, ठरलेला क्रम लागतो. तो समजून घेऊया.

मशीन थेट कॉम्प्युटरलाच का जोडतात?

मोठ्या ऑफिसमध्ये सगळे कॉम्प्युटर आणि कॉपियर एका राउटरला किंवा स्विचला जोडलेले असतात. लहान दुकानात तसं नसतं. एक कॉम्प्युटर, एक मोठी मशीन आणि इंटरनेटसाठी मोबाइलचा हॉटस्पॉट किंवा डोंगल. मग कॉम्प्युटरच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल सरळ मशीनच्या लॅन पोर्टमध्ये जाते. मध्ये काहीच नाही.

यूएसबी केबल का नाही? तीही चालते. पण ती साधारण पाच मीटरपर्यंतच भरवशाची असते, तर लॅन केबल शंभर मीटरपर्यंत चालते. दुसरं म्हणजे, ऑफिससाठी बनवलेल्या अनेक कॉपियरमध्ये स्कॅन केलेला कागद कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये पाठवण्याची सोय नेटवर्कवरूनच मिळते.

गंमत म्हणजे आपण ज्या कामाला सरसकट ‘झेरॉक्स’ म्हणतो, त्या नावाच्या कंपनीतूनच ही केबलची पद्धतही आली. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी कोरड्या पद्धतीने पहिली प्रत काढली आणि पुढे झेरॉक्स कंपनीने ते तंत्र जगभर नेलं. त्याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी इथरनेटची कल्पना टिपणात मांडली. केंद्रातले कॉम्प्युटर एकमेकांना आणि नव्या लेझर प्रिंटरला जोडणं, ही त्यामागची गरज होती. म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर केबलने जोडणं हे इथरनेटचं जोडकाम नाही, मूळ कामच आहे.

मग घोळ कुठे होतो?

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. घरात वायफाय राउटर असेल तर हे पत्ते तोच वाटतो, म्हणून आपल्याला ते कधी दिसतही नाहीत.

केबल थेट जोडली की मध्ये राउटर नसतो. म्हणजे पत्ते वाटणारंच कोणी नसतं. कॉम्प्युटर थोडा वेळ वाट पाहतो आणि मग स्वतःच स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता देतो. ही सोय विंडोज ९८ पासून आहे. मशीनही कधी तसंच करते, कधी ०.०.०.० दाखवत बसते, तर कधी आधीच्या मालकाने घातलेला जुना पत्ता धरून ठेवते.

दोघांनीही १६९.२५४ चा पत्ता घेतला तर काम चालूही होतं. पण तो पत्ता कायमचा नसतो. लाइट जाऊन आली, मशीन पुन्हा सुरू झाली की तो बदलू शकतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत राहतो. ‘काल संध्याकाळपर्यंत चालू होतं, आज सकाळी बंद’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. पावसाळ्यात वीज वारंवार ये-जा करते, तिथे हा त्रास जास्त होतो.

उपाय सोपा आहे. राउटर नसेल तर पत्ते आपण द्यायचे आणि ते कायमचे द्यायचे. पण त्याआधी केबल तपासायची.

पायरी पहिली: लाइट बघा

दोन्ही टोकांना लॅन पोर्टजवळ छोटे दिवे असतात. मशीन आणि कॉम्प्युटर दोन्ही सुरू असताना ते लागले पाहिजेत. एकही दिवा लागत नसेल तर सेटिंगला हात लावू नका. अडचण केबलची किंवा पोर्टची आहे.

आधी केबल बरोबर भोकात आहे का ते पाहा. फॅक्सची सोय असलेल्या मशीनला टेलिफोनच्या तारेचंही पोर्ट असतं. ते लॅनसारखंच दिसतं, पण थोडं अरुंद असतं. काही मॉडेलना नेटवर्क कार्ड वेगळं घ्यावं लागतं, त्यामुळे मशीनला लॅन पोर्ट मुळात आहे का, हेही बघावं.

मग केबलचं टोक. प्लॅस्टिकची कडी तुटली असेल तर केबल आत बसल्यासारखी दिसते, पण सैल असते. टेबलामागे उंदराने कुरतडलेली केबलही नवी गोष्ट नाही. चालू असल्याची खात्री असलेली दुसरी केबल लावून पाहणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

‘थेट जोडायला क्रॉस केबल लागते’ असं जुने जाणकार सांगतात. त्या काळी ते खरं होतं. दोन यंत्रं थेट जोडताना एकाची पाठवायची तार दुसऱ्याच्या घ्यायच्या तारेला मिळावी, म्हणून केबलच्या एका टोकाच्या तारा अदलाबदल करून बसवत. आजचे लॅन पोर्ट ही अदलाबदल आपोआप करतात. दोन्हींपैकी एक जरी यंत्र तसं असलं तरी साधी केबल चालते. कॉम्प्युटर आणि मशीन दोन्ही खूप जुने असतील तरच क्रॉस केबलचा विचार करायचा.

केबल बदलूनही दिवा लागत नसेल, तर तीच केबल दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघावी. तिथे लागला तर दोष आपल्या कॉम्प्युटरच्या पोर्टचा. तिथेही नाही लागला तर मशीनच्या पोर्टचा संशय घ्यायचा. विजांच्या कडकडाटात लॅन पोर्ट जळण्याचे प्रकार होतात. म्हणून दुकान बंद करताना पावसाळ्यात वीजेच्या प्लगबरोबर लॅन केबलही काढून ठेवलेली बरी.

पायरी दुसरी: दोघांना पत्ते द्या

दिवा लागतो, तरी प्रिंट येत नाही. आता पत्ते बघायचे.

मशीनच्या स्क्रीनवर सेटिंगमध्ये नेटवर्क, मग टीसीपी-आयपी असा पर्याय असतो. बहुतेक मशीनमधून सेटिंगचं पानही छापता येतं, त्यावर पत्ता असतो. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करायचा. ‘इथरनेट’ या मथळ्याखाली कॉम्प्युटरचा पत्ता दिसतो.

आता पत्ते ठरवा. उदाहरणार्थ:

- मशीन: १९२.१६८.७७.१०
- कॉम्प्युटर: १९२.१६८.७७.२०
- दोन्हीकडे सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०
- दोन्हीकडे गेटवे: रिकामा
- दोन्हीकडे डीएनएस: रिकामा

आकडे टाइप करताना इंग्रजीच वापरायचे.

यातला नियम एवढाच: पहिले तीन आकडे दोघांचे सारखे आणि शेवटचा वेगळा. एकाच टोल्यातली दोन घरं जशी. टोल्याचं नाव सारखं, घर नंबर वेगळा. टोलाच वेगळा पडला तर समोरासमोर असूनही निरोप पोहोचत नाही. दोघांचा घर नंबरही सारखाच पडला, तरी गोंधळ.

मशीनमध्ये ‘डीएचसीपी’ किंवा ‘ऑटो’ हा पर्याय बंद करून पत्ता हाताने भरायचा. बऱ्याच मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच नवा पत्ता घेतात. कॉम्प्युटरवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ हे इंग्रजीत टाइप केलं की नेटवर्क कार्डांची यादी उघडते. त्यातल्या ‘इथरनेट’वर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन फोर. तिथे पत्ता भरायचा. वायफायच्या कार्डाला हात लावायचा नाही.

पायरी तिसरी: हाक मारून बघा

पुन्हा कमांड प्रॉम्प्टवर ‘पिंग’, एक जागा, आणि मशीनचा पत्ता. कॉम्प्युटर मशीनला चार वेळा हाक मारतो.

मशीनच्या पत्त्यावरून ‘रिप्लाय’ आला आणि पुढे वेळ दिसला तर केबल आणि पत्ते दोन्ही ठीक आहेत. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर त्या पत्त्यावर कोणीच सापडलं नाही. मशीनचा पत्ता पुन्हा तपासा. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर हाक गेली, पण उत्तर आलं नाही. कधी कधी ती केबलऐवजी वायफायच्या रस्त्याने बाहेर गेलेली असते.

इथे एक फसगत होते. ‘अनरीचेबल’च्या ओळीतही सुरुवातीला ‘रिप्लाय फ्रॉम’ लिहिलेलं असतं आणि शेवटी नुकसान शून्य टक्के दाखवलं जातं. पण नीट पाहिलं तर ते उत्तर कॉम्प्युटरच्या स्वतःच्याच पत्त्यावरून आलेलं असतं. म्हणून शेवटची टक्केवारी नाही, ओळीतला पत्ता वाचायचा.

पिंग येतो, तरी ‘ऑफलाइन’ का?

आता केबल सुटली, पत्ते सुटले. राहिली विंडोजची नोंद. प्रिंटर बसवताना विंडोज अनेकदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचं पोर्ट आपोआप तयार करतं. ते मशीनला आपणहून शोधतं, पण मशीन झोपेत गेली किंवा पत्ता बदलला की कधी कधी ते तिला हरवून बसतं. पत्ता आपण कायमचा दिलेला असल्याने पोर्टही त्याच पत्त्याचं करावं.

प्रिंटर जोडताना ‘मला हवा तो प्रिंटर यादीत नाही’ या अर्थाचा पर्याय निवडून टीसीपी-आयपी पत्त्याने प्रिंटर जोडायचा आणि मशीनचा पत्ता टाकायचा. ड्रायव्हर मॉडेलचाच घ्यायचा. आधीच बसवलेला प्रिंटर असेल तर प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्समध्ये ‘स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट’ नव्याने जोडता येतं.

तरीही ‘ऑफलाइन’ दिसत असेल तर दोन टिका तपासा. प्रिंटच्या रांगेच्या खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर टिक असेल तर काढा. पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ असेल तर तीही काढून पाहा. मशीनची हालहवाल विचारणारी ही सोय आहे. मशीनने तिला उत्तर दिलं नाही तर प्रिंटर धडधाकट असूनही विंडोज त्याला ऑफलाइन धरतं. शेवटी रांगेत अडकलेले जुने प्रिंट काढून टाका, नाहीतर काल अडकलेल्या सगळ्या प्रती एकदम बाहेर येतील आणि कागद वाया जाईल.

प्रिंट सुरू झाली, पण इंटरनेट गेलं?

ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या दुकानात हा प्रश्न प्रिंटइतकाच मोठा आहे. याची दोन कारणं असतात.

पहिलं, गेटवे. गेटवे म्हणजे बाहेरच्या जगात जायचं दार. रकाना रिकामा दिसला म्हणून कोणी तिथे मशीनचा पत्ता भरला, तर विंडोजला वाटतं की इंटरनेट मशीनच्या दारातून मिळेल. केबलच्या रस्त्याला विंडोज सहसा वायफायपेक्षा पसंती देतं. मशीनच्या दाराबाहेर मात्र काहीच नसतं. म्हणून गेटवे रिकामाच ठेवायचा.

दुसरं, एकाच नावाचे दोन टोले. अनेक वायफाय राउटर १९२.१६८.०, १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.२९ ने सुरू होणारे पत्ते वाटतात. मशीनला आणि केबलच्या कार्डालाही त्याच मालिकेतला पत्ता दिला, तर कॉम्प्युटरला दोन दिशांना एकाच नावाची वस्ती दिसते. मग कधी प्रिंट हरवते, कधी इंटरनेट. वरच्या उदाहरणात ७७ हा आकडा घेतला तो यासाठीच. हॉटस्पॉट जोडल्यावर ‘आयपीकॉन्फिग’मध्ये वायफायचा पत्ता बघा आणि केबलसाठी त्याहून वेगळी मालिका घ्या.

प्रिंट येते, स्कॅन मात्र फोल्डरमध्ये जात नाही

प्रिंट आणि स्कॅन या उलट्या दिशा आहेत. प्रिंटमध्ये कॉम्प्युटर मशीनचं दार ठोठावतो. स्कॅनमध्ये मशीन कॉम्प्युटरचं दार ठोठावते आणि विंडोज अनोळखी माणसाला सहज दार उघडत नाही. त्याची कारणं ठरलेली आहेत.

एक, फायरवॉल. थेट केबलच्या जोडणीला गेटवे नसल्याने विंडोज तिला ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणतं आणि बसस्टँडवरच्या वायफायसारखं ‘पब्लिक’ धरतं. सेटिंगमधल्या नेटवर्क विभागात इथरनेटवर जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करावं आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग तिथेच सुरू करावं. रिस्टार्टनंतर ते पुन्हा ‘पब्लिक’ झालं का, हेही बघावं. फायरवॉल पूर्ण बंद करणं हा उपाय नाही. त्याच कॉम्प्युटरवर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असतात.

दोन, पासवर्ड. मशीनला विंडोजचं युजरनेम आणि पासवर्ड लागतो. चार आकडी पिन चालत नाही. स्कॅनसाठी कॉम्प्युटरवर वेगळा लोकल युजर तयार करून त्याला फक्त स्कॅनच्या फोल्डरची परवानगी देणं सोयीचं आणि सुरक्षित असतं.

तीन, जुनी भाषा. जुन्या मशीन फोल्डरमध्ये फाइल टाकताना ‘एसएमबी वन’ ही पद्धत वापरतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने याच पद्धतीतल्या कच्च्या दुव्यातून जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले. त्याच वर्षीच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ही पद्धत सुरू नसते. २०२४ मधल्या विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटने शेअरिंगचे नियम आणखी कडक केले. म्हणूनच ‘विंडोज नवीन टाकलं आणि स्कॅन बंद पडलं’ हे घडतं.

‘एसएमबी वन’ पुन्हा सुरू करता येतं, पण ते बंद केलेलं दार उघडण्यासारखं आहे. त्याऐवजी मशीनचं फर्मवेअर अपडेट मिळतं का ते बघावं, मशीन एफटीपीने फाइल पाठवू शकते का ते तपासावं किंवा कंपनीचं स्कॅनिंग सॉफ्टवेअर वापरून कॉम्प्युटरवरूनच स्कॅन ओढून घ्यावा. मशीनला पेन ड्राइव्हची सोय असेल तर घाईच्या दिवशी तीही पुरते.

रिकंडिशन मशीन घेतली असेल तर

लहान गावात नवी मशीन परवडत नाही, म्हणून ऑफिसमधून निघालेली रिकंडिशन मशीन घेतली जाते. तिच्यात जुन्या ऑफिसचा पत्ता, अ‍ॅड्रेस बुक आणि कधी अ‍ॅडमिनचा पासवर्डही तसाच असतो. पासवर्ड माहीत नसेल तर नेटवर्कची सेटिंग उघडतच नाही. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून पासवर्ड लिहून घ्यावा आणि नेटवर्कची सेटिंग जुनी काढून मूळ अवस्थेत आणून मागावी. काही मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि तिच्यात जुने स्कॅन राहिलेले असू शकतात. आपली मशीन विकतानाही गावातल्या लोकांचे कागद तिच्यासोबत जाऊ नयेत, याची काळजी घ्यावी.

मेकॅनिकला फोन करताना काय सांगायचं?

मेकॅनिकला ‘मशीन चालत नाही’ एवढंच सांगितलं तर तो यायचंच म्हणतो. त्याऐवजी चार गोष्टी सांगाव्यात: लॅनचा दिवा लागतो की नाही, मशीनचा आणि कॉम्प्युटरचा पत्ता काय, पिंगला उत्तर कोणत्या पत्त्यावरून येतं, आणि थेट काचेवर कागद ठेवून झेरॉक्स निघते का. एवढं कळलं तर बरेच प्रश्न फोनवरच सुटतात.

काचेवरून झेरॉक्सही निघत नसेल, स्क्रीनवर एरर कोड येत असेल, किंवा केबल बदलूनही मशीनकडचा दिवा लागत नसेल, तर मात्र मेकॅनिकच हवा. नेटवर्क कार्ड किंवा बोर्ड घरी उघडू नये.

सगळं जुळलं की एक काम लगेच करावं. मशीनचा पत्ता, कॉम्प्युटरचा पत्ता आणि मास्क एका चिठ्ठीवर लिहून ती मशीनच्या बाजूला सेलोटेपने चिकटवावी. पुढच्या वेळी विंडोज नव्याने टाकलं, कॉम्प्युटर बदलला किंवा दुकानात मालकाऐवजी दुसरं कोणी बसलेलं असलं, तरी त्या तीन ओळींवरून काम दहा मिनिटांत पुन्हा सुरू होतं आणि रांगेतल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणावं लागत नाही.